पहिलं केळं

माझ्या मुलाने आयुष्यातलं पहिलं केळं माझ्या हातून खाल्लं नाही. ते त्याला दुसऱ्या बाईने भरवलं. आता मी म्हातारी झाले, तो मुलगा स्वतः आजोबा व्हायला आला, तरी ही गोष्ट आठवली की माझा जीव जळतो. वय झालं की माणूस निवतं असं ऐकत आले. मी काही निवले नाही बाई.

नंदुरबारला स्टेशनाच्या अंगाला कापसाचं एक जिन होतं. तिथे मी कामाला होते. दुसऱ्या लढाईचे दिवस होते ते. दिवाळी झाली की जिन सुरू व्हायचं आणि होळीच्या आसपास बंद पडायचं. आम्ही बायका यंत्रात कापूस घालायचो. एका अंगाने रुई निघायची, दुसऱ्या अंगाने सरकी. धूळ एवढी उडायची की नाका-डोक्याला फडकं बांधल्याशिवाय उभं राहणं अशक्य. नवरा त्याच जिनमध्ये रुईच्या गाठी उचलायला होता. माहेर माझं धानोऱ्याचं. तिथल्या शाळेत मी चौथीपर्यंत गेले होते आणि जिनमधल्या सगळ्या बायकांत अक्षर ओळखणारी मी एकटी होते. याचा मला ताठा होता. होता म्हणजे होताच, उगाच कशाला लपवू?

आधी आमची तान्ही पोरं तिथेच सरकीच्या पोत्यांवर निजायची. यंत्राच्या त्या घरघरीत कुठलं पोर सुखाने झोपतं? म्हणून सकाळी निघताना आई पोराच्या तोंडात बाळगोळी घालायची. अफूची बारीक गोळी ती, मोहरीच्या दाण्याएवढी. गुळात चोळून दिली की पोर दिवसभर हूं की चूं करायचं नाही. सगळ्याच द्यायच्या. माझ्या सासूने माझ्या नवऱ्याला दिली होती, तिच्या सासूने तिच्या नवऱ्याला. यात काही वाईट आहे असं आमच्या मनातसुद्धा आलं नव्हतं.

मग एक दिवस सरकारचा साहेब तपासणीला आला. पोत्यांवर निपचित पडलेली ती रांग बघून त्याचा चेहराच उतरला. पुढच्या हंगामात मालकाने जिनच्या आवारात पत्र्याची एक खोली बांधली, चुन्याने पांढरी केली आणि तिला पाळणाघर म्हणायला लागले. दारावर नियमांचा कागद लागला. बायका माझ्याभोवती जमल्या आणि मी शाळेतल्यासारखा ठणठणीत आवाजात तो वाचून दाखवला. घरून खाणं आणायचं नाही. पोरांच्या जेवणाच्या वेळी आईने आत यायचं नाही, कारण आई दिसली की पोर खाणं टाकतं. कामावरचं मळकं फडकं आत न्यायचं नाही. संध्याकाळी ते दाराबाहेरच्या खुंटीला अडकवायचं आणि मगच पोराला उचलायचं; ते तिथेच राहील, दुसऱ्या दिवशी दुसरं बांधायचं. बाळगोळी देणाऱ्या बाईचं पोर काढून टाकण्यात येईल आणि तिलाही काम मिळणार नाही.

आत भिंतीवर दुसरा कागद होता. सकाळी नागलीची लापशी, मग दूध, दुपारी मूगडाळीची मऊ खिचडी, एक दिवसाआड अर्धं केळं, आणि रोज चमचाभर माशाचं तेल. माशाचं तेल म्हटल्याबरोबर चार जणी नाक मुरडून मागे सरल्या. “औषध शे ते,” मी त्यांना सांगितलं. जणू काही ते मीच काढलं होतं.

पाळणाघर सांभाळायला नवापूरकडची एक बाई आणली होती. तिशीची, सावळी, कमी बोलणारी. कुठल्याशा दवाखान्यात काम शिकलेली. घरची तिची बोली कोकणी, तिकडच्या कोकणा आदिवासींची, आमच्याशी मात्र ती दवाखान्यातलं मराठी बोलायची, मोजून मापून. खांद्यावर सदा एक पंचा, त्याला पोरांची तोंडं पुसायची. पहिल्या दिवशी बायका तेलावरून कुरकुरायला लागल्या, तेव्हा तिने चमचाभर तेल स्वतःच्या तोंडात घातलं, गिळलं आणि म्हणाली, “बघा, मेले का मी?” सगळ्या हसल्या. मीही हसले. तेव्हा हसले.

माझा मुलगा सव्वा वर्षाचा होता. केळं आमच्या घरात यायचं ते पूजेपुरतं, आणि त्यातलं बोटभर वाट्याला यायचं. माझ्या मनात होतं, संक्रांतीला आख्खं केळं आणायचं, त्याला मांडीवर घ्यायचं आणि आपल्या हाताने भरवायचं. पण एका दुपारी कामाची सुट्टी झाली म्हणून मी पाळणाघराच्या खिडकीशी गेले. बाई खिडकीकडे पाठ करून बसली होती. तिच्या खांद्यावरून माझ्या पोराचं टाळकं दिसत होतं, आणि तिच्या हातात सोललेलं केळं होतं. संध्याकाळी ती मला कौतुकाने म्हणाली, “आज केळं दिलं त्याला. पहिल्यांदाच खाल्लं ना? कसं मिटक्या मारत खाल्लं!” मी पोराला उचलून वाटेला लागले. घरी येईपर्यंत मला रस्ता दिसला नाही.

तिथून जे सुरू झालं ते सांगायला लाज वाटते, पण सांगते. घरी मी दादर ज्वारीची भाकरी दुधात कुस्करून त्याच्यापुढे धरली की तो तोंड फिरवायचा. मी चिमणी दाखवली, कावळा दाखवला, ताट वाजवलं. तो ओठ घट्ट मिटून घ्यायचा. पाळणाघरात पोटभर खाल्लेलं असायचं, भूकच नसायची त्याला, हे आज कळतं. तेव्हा माझ्या अंगाचा नुसता भडका व्हायचा. त्यात सासू दारात बसून म्हणायची, “पोऱ्या तिना हातनं खास, मायना हातनं नही. काय दिवस उनात व माय!”

जिनमध्येही तेच. शेजारच्या यंत्रावरची बाई चिडवायची, “तुन्हा पोऱ्या तर तिनाच शे आते.” ती गंमत करायची. मी म्हणायचे, “मी काय मरी गऊ का?” आणि मूठभर कापूस यंत्रात असा कोंबायचे की मुकादम ओरडायचा.

दर महिन्याला डॉक्टर यायचे. काट्याला झोळी बांधून एकेका पोराचं वजन करायचे. जिनमध्ये त्यांचा शब्द मालकाच्या शब्दाइतका चालायचा. माझ्या पोराचा काटा चांगला खाली गेला तेव्हा ते खूश झाले, पण माझ्याकडे बघून नाही, बाईकडे बघून. “तुम्ही वर आणलंत हो याला,” म्हणाले. वर आणलं! नऊ महिने पोटात कुणी वागवला होता? आणि तो कागद तर मी वाचत होते! लापशी किती, दूध किती, केळं कधी, मला सगळं पाठ. वाचायचं मी आणि भरवायचं तिने. माझ्या डोक्यात दिवसरात्र एवढंच फिरायला लागलं.

रोज सुट्टीत मी खिडकीशी उभी राहायचे. बाई तशीच, खिडकीकडे पाठ. एवढी पाठ का करते? काय करते ही समोरून? मला वाटायचं, काहीतरी जादूटोणा आहे. मला वाटायचं, मुद्दाम मला दाखवत नाही. तिची ती रुंद पाठ मला अजून आठवते. तिच्यावर एक धपाटा घालावा असं वाटायचं.

मग एका सकाळी मी सासूच्या डबीतून बाळगोळी काढली. आख्खी नाही. नखाने तिचा कण काढला, गुळात मिसळला आणि पोराच्या जिभेवर ठेवला. हिशेब सरळ होता: दिवसभर झोपला म्हणजे तिच्या हातचं खाणार नाही, संध्याकाळी भुकेने माझ्या हातचं खाईल. त्याला काही होईल असं मला वाटलंच नाही. आम्ही सगळे तसेच वाढलो होतो की.

आणि झालंही तसंच. संध्याकाळी तो किरकिरत उठला आणि माझ्या हातची भाकरी त्याने घासामागून घास गिळली. काय सांगू, मला आभाळ ठेंगणं झालं. सासूला मी हाक मारून बोलावलं, “या, बघा कोणाच्या हातचं खातोय!” दुसऱ्या दिवशी परत कण. तिसऱ्या दिवशी परत. बाई संध्याकाळी सांगायची, “आज काही खाल्लं नाही हो त्याने, नुसता झोपला,” आणि तिच्या कपाळावरची आठी बघून मला गोड वाटायचं. देवाशपथ, गोड वाटायचं.

महिना भरला, डॉक्टर आले. माझ्या पोराला झोळीत घातलं आणि काटा वरच राहिला. मागच्या वेळेपेक्षा पोर हलकं भरलं होतं. संध्याकाळच्या चार घासांवर पोर कुठून वाढणार? डॉक्टरांनी परत तोललं. मग बाईला विचारलं, “याला काय देता काय तुम्ही?”

“खात नाही,” बाई म्हणाली. “झोपून असतो.”

“खात नाही म्हणजे? दूध तर रोज पुरं येतं.”

सगळ्या बायका उभ्या होत्या. मी तोंड मिटून उभी राहिले असते तर काय बिघडलं असतं? पण माझ्या जिभेला हाड कुठलं! मी म्हणाले, “दूध पोराच्या पोटात गेलं असतं तर वजन उतरलं असतं का? भांडं कोणाच्या हातात असतं ते विचारा.”

कुणीतरी “व माय!” म्हणालं. बाईने माझ्याकडे पाहिलं आणि तिचा चेहरा पांढराफटक पडला. डॉक्टर म्हणाले, “मी उद्या दुपारी परत येतो. दूध, भांडी, सगळं बघतो. पोरांच्या तोंडचं कुणी पीत असेल, तर बाईंनी आपलं गाठोडं बांधून ठेवावं.”

संध्याकाळी मी पोराला घ्यायला गेले, तेव्हा सगळ्या जणी जाईपर्यंत तिने मला थांबवून घेतलं. मला वाटलं, आता भांडणार. मी पदर खोचून तयार होते. तिने पोराची पापणी बोटाने वर केली आणि म्हणाली, “बाहुली बघ. दाण्याएवढी झालीय. मला आठ दिवस संशय होता, आज खात्री झाली. दवाखान्यात अशी पुष्कळ पोरं बघितली मी. काही तर उठलीच नाहीत.”

मी पोराला तिच्याकडून ओढून छातीशी धरलं.

“उद्या डॉक्टर आले की मी सांगणार,” ती म्हणाली. “चोर म्हणवून घ्यायला मी इथे आलेली नाही. त्याआधी तू सांगितलंस तर तुझ्यासाठी बरं.” साध्वीसारखी क्षमा वगैरे काही केली नाही तिने मला, आणि ते बरंच झालं. तशी केली असती तर मी तिला आणखी बोलले असते.

घरी आल्यावर मी ती डबी चुलीत टाकली. नवऱ्याला सगळं सांगितलं. तो गाठी उचलून थकलेला, ऐकून घेतलं आणि एवढंच म्हणाला, “तू चूप ऱ्हाय. पोऱ्या काढी टाकतीन, तुन्हं काम जाई.” त्याचंही खरं होतं. मीही ठरवलं, नाकबूल जायचं. पाहिलंय कुणी? ती म्हणेल अफू, मी म्हणेन दूध. ती बाहेरगावची, मी इथली. पण पोर झोपलं होतं तिथे मी पाच-पाच मिनिटांनी जाऊन त्याच्या नाकाशी बोट धरत होते.

दुसऱ्या दिवशी त्याला काही न देता पाळणाघरात ठेवलं. कामात हात चालेना. डॉक्टर यायच्या आधी बाईला गाठावं, पाया पडावं नाहीतर धमकी द्यावी, काय ते तिथे गेल्यावर बघू असं म्हणून जेवणाच्या वेळी मी निघाले. खिडकीशी गेले नाही. नियम बाजूला ठेवून सरळ दार ढकललं.

बाई समोर बसली होती. पहिल्यांदाच मी तिला भरवताना समोरून बघत होते. तिच्या मांडीवर माझं पोर, आणि तिच्या गळ्याभोवती, छातीवर नीट पसरून बांधलेलं माझं फडकं. खुंटीवरचं, कालचं, घामाने आणि धुळीने मळलेलं. कोपऱ्याला मी घातलेला लाल दोऱ्याचा टाका तेवढ्या लांबूनही ओळखू आला. पोराने एका मुठीत ते फडकं धरलं होतं, नाकाशी नेलं होतं, आणि तोंड उघडून खिचडी खात होता.

मला बघून बाई दचकली. हात फडक्याकडे गेला, मग थांबला. “नुसत्या माझ्या हातचं कोण खातंय इथे?” ती म्हणाली. “पहिले चार दिवस सगळी नुसती रडायची. मग मी ज्याच्या त्याच्या आईचं फडकं बांधून बसायला लागले. बाकीची सुटली त्यातून. तुझा मात्र अजून फडक्याशिवाय घास घेत नाही. त्या दिवशीचं केळंसुद्धा नाही.” मग आवाज खाली आणून म्हणाली, “डॉक्टरांना कळलं तर माझी धडगत नाही. मळकं कापड पोरांजवळ आणायचं नाही म्हणून त्यांनी बजावलंय. म्हणून पाठ करून बसते.”

मी तिथेच उंबऱ्यावर बसले. एवढे दिवस मी त्या पाठीवर जळत होते, आणि पाठीच्या पलीकडे तो माझ्याच वासाला धरून बसलेला होता. त्यातल्या अर्ध्या दिवसांत तर मी त्याला अफू देऊन तेही घेऊ दिलं नव्हतं.

पण माझं मन किती हलकट असावं? तेवढ्यात बाहेर डॉक्टरांची सायकल वाजली, आणि माझ्या मनात पहिला विचार आला तो असा: आता माझ्या हातात हिची खरी चूक आहे. फडक्याचं सांगितलं की ही आजच्या आज गेली, आणि हिने अफूचं सांगितलं तर हिचं ऐकणार कोण? बाईलाही तेच सुचलं असावं. तिने फडकं सोडलं नाही, लपवलं नाही, नुसती माझ्याकडे बघत राहिली. पोर तिच्या मांडीवरून तोंड उघडून पुढच्या घासाची वाट बघत होतं.

मी उठले, तिच्या गळ्यातलं फडकं सोडलं आणि माझ्या डोक्याला बांधलं. मग बाहेर जाऊन डॉक्टरांपुढे उभी राहिले आणि शाळेतल्या मराठीत सांगितलं, “दूध कोणी पीत नाही. मी पोराला बाळगोळी देत होते. पंधरा दिवस. बाईंवर घातलेला आळ खोटा आहे.”

“का देत होतीस?” त्यांनी विचारलं.

“तो त्यांच्या हातचं खातो म्हणून.”

त्यांना ते कळलं नाही. पुरुष माणूस, काय कळणार? त्यांनी दारावरच्या कागदाकडे बोट केलं. तो मीच वाचून दाखवलेला होता, त्यामुळे बोलायला काही उरलंच नाही. बाई मधे पडली, “पोराचं नाव तरी ठेवा, त्याचा काय गुन्हा?” पण एकाला सोडलं तर सगळ्या देतील, असं ते म्हणाले. त्याच दिवशी पोराचं नाव गेलं आणि माझंही. फडक्याचं मी बोलले नाही. तेवढं एक मी माझ्या बाजूने लिहून ठेवते.

आता पोर दिवसभर माझंच होतं. हेच हवं होतं ना मला? पण तो खाईना. अफूची सवय सुटताना पोर असं करतं, डॉक्टरांनी बजावलं होतं. पण एक दिवस गेला, दुसरा गेला, तो दाराकडे बघून रडायचा आणि घास थुंकायचा. पाळणाघरात भरलेले गाल बसायला लागले. तिसऱ्या दिवशी नवऱ्याने कुठून तरी एक केळं आणलं. मी ते सोललं, ज्याची मी एवढी वाट बघितली होती ते केळं, आणि त्याच्या ओठाशी धरलं. त्याने हाताने ढकललं. मी डोक्याला फडकं बांधून पाहिलं. आई समोर असताना फडक्याचं काय अप्रूप? सासू म्हणाली, “तो तिले धुंडी ऱ्हायना.” या वेळी तिने टोमणा मारला नव्हता; पोर खरंच बाईला शोधत होतं.

मी तशीच उठले आणि जिनच्या फाटकाशी जाऊन उभी राहिले. सुट्टीत बाई बाहेर आली. जीभ तुटून पडावी असं वाटत होतं, तरी म्हणाले, “तुमच्या अंगावरचं एखादं कापड द्या.”

तिने का म्हणून विचारलं नाही. खांद्यावरचा पंचा काढला आणि माझ्या हातात दिला. त्याला माशाच्या तेलाचा, लापशीचा, चुन्याचा वास होता. मी तो अंगापासून लांब धरून नेला.

घरी आले, तो पंचा गळ्याभोवती बांधला आणि पोराला मांडीवर घेतलं. त्याने पंचा मुठीत धरला, नाकाशी नेला आणि तोंड उघडलं. केळं त्याने सगळं खाल्लं, मिटक्या मारत. सासू आनंदाने म्हणाली, “खाई लिधं व माय, तुन्हा हातनं!”

हो, माझ्या हातून. माझं काळीज जळत होतं आणि हात घास भरवत होता. त्या बाईने महिनोन्महिने माझं फडकं गळ्यात बांधून त्याला भरवलं, तेव्हा तिलाही असंच होत असेल का, हे तोवर माझ्या कधी मनातच आलं नव्हतं.